इंदूबाईंची सोन्याची तबकडी

सोनं घरात यायच्या आधीच त्याची सरकारदरबारी नोंद करायला निघालेला माणूस अख्ख्या पुसदमध्ये एकच झाला, आणि ते म्हणजे कापसाच्या जिनिंगमधले हेडक्लार्क नागोराव गावंडे. बाकीचं गाव त्या साली नेमक्या उलट कामात गुंतलं होतं. सुवर्णनियंत्रणाचा कायदा नुकताच आला होता: दागिन्यांखेरीज घरात असलेलं सोनं सरकारला कळवायचं, आणि नवा दागिना चौदा कॅरेटचाच घडवायचा. बाया चौदा कॅरेटच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि ज्यांच्याकडे गुंजभर सोनं होतं तेसुद्धा "आमच्या घरी कायचं सोनं!" असं कुणी न विचारता सांगत सुटले होते. अशा दिवसांत नागोराव इस्त्रीचा कोट घालून कचेरीत गेले आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले सोनं डिक्लेअर करायचं हाय. तव्याएवढं. अजून आलं नाई, पन येऊन राह्यलं."

त्या टेबलावर बसणारे कारकून म्हणजे नागोरावांचे सख्खे शेजारी रामराव. घरी मधल्या भिंतीवरून हे दोघे रोज सकाळी एकमेकांना दात घासताना पाहत असत. पण कचेरीत रामराव कुणालाच ओळखत नसत, सख्ख्या भावालासुद्धा नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दागिना का बिगरदागिना?"

"तबकडी."

"तबकडी कशात बसत नाई. गळ्यात घालता येते काय?"

"मधात भोक असते तिला," नागोराव विचार करून म्हणाले. "दोरी ओवली तं येईन."

रामरावांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. मग म्हणाले, "आधी सोनं आना, मंग डिक्लेअर करा."

"आन् आनल्यावर, आधी काहून नाई सांगतलं म्हनून पकडलं तं?"

"तं मंग आनू नका."

नागोराव दुखावले. दुखावले की ते वऱ्हाडी सोडून पुण्याची भाषा बोलू लागत. "रामराव, हा सन्मान राष्ट्रीय आहे. तो आणू नका असं आपल्याला म्हणता येणार नाही," एवढं बोलून ते उतरले, आणि पायरीवर त्यांचा एक जोडा सापडेना. तो सापडेपर्यंत त्यांना तिथेच एका पायावर उभं राहावं लागलं.

आता हा राष्ट्रीय सन्मान म्हणजे काय, तर गोष्ट साधी होती. नागोरावांच्या पत्नी इंदूबाई यांचा गळा गोड. एका रेकॉर्ड कंपनीची माणसं लोकगीतं गोळा करत नागपूरला आली होती, तेव्हा इंदूबाई तिथे बहिणीच्या बाळंतपणाला गेलेल्या. कुणीतरी नाव सांगितलं, त्या गेल्या, गायल्या, परत येऊन स्वयंपाकाला लागल्या. काही महिन्यांनी रेकॉर्ड निघाली. एका बाजूला रुसलेल्या व्याह्याची चेष्टा करणारं लग्नातलं गाणं:

रुसला बाई रुसला, व्याही कशापायी रुसला?
वरणाच्या वाटीत त्याले तुपाचा थेंब नाई दिसला!

आणि मागच्या बाजूला लेकीच्या पाठवणीचं, ऐकून दगडालाही हुंदका यावा असं. दोन्ही गाणी इंदूबाईंच्या आईची. आई माहूरकडची, आता हयात नव्हती.

ही रेकॉर्ड पुसदमध्ये देवीलालच्या दुकानात आली. देवीलाल जवळच्या बंजारा तांड्यावरचा. दुकानात तो रेकॉर्डी विकत असे, टॉर्च दुरुस्त करत असे आणि लग्नसराईत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, म्हणजे फोनो, आणि बॅटरीवरचा भोंगा भाड्यानं देत असे. त्यानंच ती बातमी आणली. देशभरातल्या रेकॉर्ड-विक्रेत्यांच्या संघानं जाहीर केलं होतं की या लग्नसराईत देशात लोकगीतांची जी रेकॉर्ड सगळ्यांत जास्त खपेल, तिच्या गायकाला दिल्लीत समारंभ करून सोन्याची तबकडी द्यायची. वर कंपनीनं कबूल केलं होतं की त्या मानकऱ्याला मुंबईला बोलावून आणखी गाणी भरून घेऊ.

नागोरावांनी यातला पहिला भाग ऐकला आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इंदूबाईंनी फक्त दुसरा भाग ऐकला.

"आनखी गाने घेतीन म्हनते?" त्यांनी देवीलालला दोनदा विचारलं. मग भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाल्या, "आईले लय गाने येत. मले त्यातले निम्मेच येते. आपल्याले पोरगी नाई. माह्यामागं ते कोनाले येतीन? तव्यावर भरले तं राहतीन तरी."

"तू काळजी करू नको," नागोराव म्हणाले. "सोनं आपल्याच घरी येते." बायकोनं सोन्याचं नावही काढलं नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

कामाला लागल्यावर पहिली अडचण अशी निघाली की रेकॉर्ड कुणी घेईना. न घेण्याचं कारणही पक्कं होतं. पुसदमध्ये फोनो असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि बाकीच्या तालुक्यात बोटंसुद्धा उरावीत. बिनचुलीचा तवा घेऊन करायचं काय, असं लोक विचारत. नागोरावांनी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला, म्हणजे शेजाऱ्यांनी तो दिलाच. शाळेत गाणं शिकवणाऱ्या विमलताईंचं मत पडलं की गाण्यात राग नाही, तो असता तर खपली असती. रामरावांनी घरच्या भिंतीवरून, म्हणजे बिगरसरकारी नात्यानं, सुचवलं की ती रेकॉर्ड शेगडीवर ऊन करून दुमडली तर तिची झाडाची कुंडी छान होते, त्या नावानं विका. देवीलालची आई भुरीबाई बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसलेली असे. तिनं दोन्ही बाजू फुकटात तीन-तीनदा ऐकल्या, डोळे पुसले आणि म्हणाली, "गानं कोनी इकत घेते काय भाऊ? आमच्या तांड्यात तं एकीनं म्हनलं, दुसरीनं उचललं." आणि गुणगुणत बाजारात निघून गेली. नागोरावांना वाटलं, गिऱ्हाईक फुकट गेलं.

आणि मग वैशाखातल्या पहिल्याच लग्नात नागोरावांना साक्षात्कार झाला. मांडवात आहेराचा ढीग पडला होता. लोटे, गडवे, पेले, पुन्हा लोटे. एकेका लोट्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. नवऱ्या मुलीच्या बापानं जन्मभर पाणी प्यायलं तरी एवढे लोटे पुरे पडले असते. नागोराव पंगतीतून अर्ध्या जिलबीवर उठले आणि तडक देवीलालच्या दुकानात गेले.

"देवीलाल, आहेर!"

"कोनाचा, साहेब?"

"साऱ्यायचा! लोकायले रेकॉर्ड ऐकाले नाई पायजे. देयाले पायजे! देनाऱ्याच्या घरी फोनो लागत नाई. आन् घेनाऱ्याच्या घरी नसला तरी देनाऱ्याचं काय गेलं?"

इतका निर्दोष विचार देवीलालनं आयुष्यात ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. मजकूर नागोरावांचा होता: "लोटा द्याल तर पाणी पितील, तबकडी द्याल तर नाव घेतील." लोक थांबून वाचू लागले. रेकॉर्ड लोट्याहून स्वस्त, दिसायला मोठी, रंगीत कागदाच्या पाकिटात, शिवाय शेजारणीनं गायलेली. पहिली रेकॉर्ड रामरावांच्या आईनं, रुखमाबाईंनी, भाचीच्या लग्नासाठी घेतली. घरी आणली, पाटावर ठेवली, पाकिटातून काढली आणि ओल्या हळदीचं बोट तिच्यावर ओढलं.

नागोराव भिंतीवरून ओरडले, "रुखमाबाई, अवो काय करता! त्या रेघायमंधी गानं असते! हळद भरली तं सुई कुठून चालन?"

"आहेराले हळदकुंकू नाई लावू तं काय काजळ लावू?" रुखमाबाई म्हणाल्या. "तुमची सुई चालो का न चालो, पोरीचा संसार चालला पायजे." आणि त्यांनी दुसऱ्या बाजूलाही एक बोट ओढलं, कारण तिकडे पाठवणीचं गाणं होतं आणि पाठवणी बिनहळदीची होत नाही. त्या दिवसापासून ती रीतच पडली. एकही तबकडी हळदकुंकवाशिवाय मांडवात गेली नाही, आणि नागोरावांनी सांगणं सोडून दिलं.

देवीलालची पहिली पेटी उडाली. नागोरावांच्या अंगात आता वारं शिरलं. उमरखेडला जिनिंगच्या एका व्यापाऱ्याच्या घरचं मोठं लग्न होतं. तिथे माल पोचला तर सगळा दक्षिण भाग हातात येईल, असं म्हणून त्यांनी रेकॉर्डींची दुसरी पेटी घेतली, इंदूबाईंना घेतलं आणि एस.टी. गाठली. मागच्या सीटवर देवीलाल भोंगा मांडीवर घेऊन बसला.

कंडक्टरनं पेटीवर तिकीट टोचायच्या चिमट्यानं टकटक केली. "यात काय हाय? भांडे?"

"गाणी आहेत," नागोराव पुण्याच्या भाषेत म्हणाले.

"वाजते काय?"

"मशीनवर लावली की वाजते."

"मंग वाद्य झालं. वाद्याले लगेज."

"पण पडली तर फुटते."

"मंग काचसामान. काचसामान आत नाई, टपावर."

"टपावर ऊन लागून ती वाकते!"

"म्हंजे मेनबत्ती," कंडक्टर म्हणाला, आणि ज्वालाग्राही वस्तूंचा नियम पाहू लागला. मागचे प्रवासी तापले. कुणी म्हणे उतरवा त्याला, कुणी म्हणे एक वाजवून दाखवा. शेवटी असं ठरलं की पेटीला अर्धं तिकीट घ्यायचं आणि मूल समजून मांडीवर बसवायचं. नागोरावांनी मूल मांडीवर घेतलं. पुढे एका नाल्यात गाडी अशी आदळली की मूल उडालं आणि नागोरावांच्या हनुवटीवर येऊन बसलं. उघडून पाहतात तो वरच्या एका रेकॉर्डीची कड तुटलेली, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी.

"वाजन हे," इंदूबाई कडेवरून बोट फिरवून म्हणाल्या. "गानं आत हाय. ठेवा घरी."

पण नागोरावांनी हिशेबी डोकं चालवलं. विकायच्या रेकॉर्डी चांगल्या हव्यात, घरच्या आहेराला फुटकी चालेल. त्यांनी तुटकी कड पाकिटात खालच्या बाजूला फिरवली, वर हळदीचं बोट जरा रुंद ओढलं आणि तीच रेकॉर्ड व्यापाऱ्याच्या हातात मोठ्या अदबीनं दिली. इंदूबाईंनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. बायको म्हणून त्या एवढंच बोलायच्या, पण ते नागोरावांना बरोबर ऐकू यायचं.

लग्न थाटात लागलं. देवीलालनं भोंग्यावर व्याह्याचं गाणं चढवलं. मांडवात हशा पिकला. आता दुर्दैव असं की नवरदेवाचा बाप खरोखरच सकाळपासून रुसलेला होता, खरोखरच कोपऱ्यात बसला होता, आणि खरोखरच तुपावरून. गाण्याची पहिली ओळ झाली आणि साऱ्या मांडवानं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. "हे गानं मुद्दाम बनवून आनलं," तो म्हणाला. "माह्यावर तवा छापून आनला! आता मी जेवत नाई, अन् माहं कोनी जेवत नाई!"

वरमाय संतापली, मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. नागोराव धावत भोंग्याकडे गेले आणि ओरडले, "देवीलाल, पलटी मार!"

देवीलालनं पलटी मारली. मागच्या बाजूला पाठवणीचं गाणं. इंदूबाईंचा आवाज भोंग्यातून असा निघाला की मांडवातल्या बाया पदर डोळ्याला लावून रडू लागल्या. नवरी रडली, नवरीची आई नवरीच्या गळ्यात पडली. हे पाहून नवऱ्याकडच्या पुरुषांना वाटलं की पाठवणी सुरू झाली. त्यांनी गाड्या जुंपल्या. बाजेवाल्यांनी निरोपाचं वाजवायला घेतलं. नवरीला चार जणींनी रडतरडत गाडीत बसवलं, आणि वऱ्हाड वेशीपर्यंत गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की अजून जेवणंच झाली नाहीत. मागे मांडवात पंगतीच्या पंगती पत्रावळीसमोर बसलेल्या, आणि व्याही मात्र गाडीत पहिल्या जागेवर, डोळे पुसत. त्याला स्वतःच्या तीन लेकी आठवल्या होत्या. तो परत आला, पंगतीला बसला, आणि दुसऱ्यांदा तूप मागून घेऊन जेवला. जाताना त्यानं देवीलालच्या हाताला धरून सांगितलं, "ते पह्यलं गानं पुन्हा लाव बरं, माह्या दुसऱ्या व्याह्याले ऐकाले बोलावतो."

झालं. उमरखेडच्या लग्नाची बातमी नागोरावांच्या आधी पुसदला पोचली. ज्या लग्नात रेकॉर्ड नाही ते लग्नच नाही, अशी हवा झाली. जो भेटे तो सांगे. रामराव महागावहून आले, म्हणाले तिथे मांडवात तुमचीच तबकडी. विमलताई दिग्रसला गेल्या, तिथेही आहेरात तीच. त्यांनी आता मान्य केलं की गाण्यात रागाची सावली आहे. एका तांड्यावरच्या लग्नात तांड्याचा मुख्य खेमसिंग नायक यानं ती सगळ्यांना दिसावी म्हणून काठीला बांधून मिरवली म्हणे. नागोराव रस्त्यानं चालू लागले की लोक "कधी निघता दिल्लीले?" असं विचारत, आणि नागोराव "पाहू, बोलावणं आलं की" असं म्हणत. पण तोवर त्यांनी नवा कोट शिवायला टाकला होता. शिंप्यानं विचारलं, "हात वर करून घेनार का समोर करून?" कारण त्यावर काखेतलं कापड सोडणं अवलंबून होतं. नागोरावांनी घरी परात दोन्ही हातांनी घेऊन आरशासमोर सराव केला. इंदूबाईंना त्या परातीत कणीक भिजवायची होती, तर त्या बाजूला उभ्या राहून वाट पाहत होत्या.

"अवो, गाने कोनते म्हनू मी मुंबईले?" त्या म्हणाल्या. "आईचं दिवाळीचं म्हनू का जात्यावरचं?"

"ते मग पाहू. आधी भाषण," नागोराव म्हणाले.

गडबड फक्त एकाच ठिकाणी नव्हती, देवीलालच्या दुकानात. तो बिचारा अधूनमधून यायचा, टोपी हातात घेऊन. "साहेब, एक सांगाचं होतं..."

"दिल्लीहून आल्यावर सांग."

"माल..."

"माल जोरात आहे! सगळ्या जिल्ह्यात वाजून राह्यला."

"तेच तं, साहेब, वाजून राह्यला, पन..." तोवर कुणीतरी अभिनंदनाला यायचं आणि देवीलाल टोपी घालून परत जायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवऱ्याचं बाशिंग टाचेला पोचलं होतं.

ज्येष्ठात, सराईच्या अगदी शेवटी, फुलसावंगीला इंदूबाईंच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न निघालं. नागोराव नवा कोट घालून गेले. कोट काखेत सैल होता, म्हणून ते हात जरा उचलूनच चालत होते. भोंगा देवीलालचाच. नवरीचे मानाचे काका म्हणून नागोरावांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि शेला-टोपी येईल म्हणून त्यांनी मान झुकवली, तर हातात आली रेकॉर्ड.

नागोरावांचा ऊर भरून आला. फुलसावंगीपर्यंत! त्यांनी पाकीट पाहिलं. पाकीट कधीचंच गेलं होतं, आता वर्तमानपत्राचा कागद होता. कागद काढला. आत काळी रेकॉर्ड नव्हती. आत एक पिवळीधमक, गोल, चकचकीत वस्तू होती, मधोमध कुंकवानं लाल झालेली. हळदीवर हळद, तिच्यावर पुन्हा हळद, अशी इतक्या हातांची बोटं तिच्यावरून गेली होती की काळा रंग औषधालाही उरला नव्हता. आणि तिची कड एका जागी तुटलेली होती, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी.

नागोराव पाटावरून उठले ते थेट भोंग्याजवळ गेले. "देवीलाल, हे तं मी उमरखेडले देल्ली होती."

"होय साहेब," देवीलाल खाली मान घालून म्हणाला. "तेच सांगाले येऊन राह्यलो होतो. पह्यल्या दोन पेट्या गेल्या, मंग तिसरी मी फोडलीच नाई. लोक इकत घेतच नाई. ह्या लग्नात आलेली त्या लग्नात देतेत. लोट्यावानी. पन लोट्यावर नाव कोरलेलं असते म्हनून तो दोन घरं फिरून थांबते. हिच्यावर देनाऱ्याचं नावच नाई, तं हे कायले थांबते?"

नागोराव भोंग्याच्या पेटीवर बसले. आयुष्यभर त्यांच्या घरानं हेच केलं होतं. आलेलं लुगडं पुढच्या लग्नाला, पुढच्या लग्नातला गडवा त्याच्या पुढच्या बारशाला. आठ वर्षांपूर्वी दिलेला एक तांब्या त्यांना स्वतःच्याच वास्तुशांतीला परत मिळाला होता आणि त्यांनी तो हसतमुखानं घेतला होता. आणि एवढं माहीत असून हीच गोष्ट डोक्यात येऊ नये! दिल्ली गेली, समारंभ गेला, भाषण गेलं. कोट राहिला. मग त्यांची नजर बायांच्या घोळक्यात बसलेल्या इंदूबाईंवर गेली आणि त्यांना पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. मुंबई गेली. आईची गाणी गेली. हे आता तिला सांगायचं कसं?

तेवढ्यात नवरीचा बाप ओरडला, "अरे, गानं लावा ना! आपल्या रेकॉर्डीवाचून मांडव सुना लागते!" आणि कुणीतरी नागोरावांच्या हातातली ती पिवळी तबकडी घेऊन यंत्रावर चढवली.

सुई टेकली. भोंग्यातून खरखर निघाली, मग कुई कुई, मग जात्यात खडा यावा तसा आवाज. सुई हळदीत रुतून बसली. नागोरावांनी डोळे मिटून घेतले.

आणि बायांच्या घोळक्यातून एक आवाज उठला. "रुसला बाई रुसला..." दुसरीनं उचललं. मग सगळ्यांनी. भोंग्याची काही गरजच नव्हती. ज्या बायांच्या घरी फोनो नव्हता, विजेची तारही नव्हती, त्या बाया टाळ्या देऊन इंदूबाईंचं गाणं चालीसकट म्हणत होत्या. वरणाची वाटी झाली, तुपाचा थेंब झाला, आणि मग पुढे कडव्यामागून कडवी निघाली, जी रेकॉर्डीत नव्हती, इंदूबाईंच्या आईलाही ठाऊक नव्हती. व्याह्याचं झालं, व्याह्याच्या घोड्याचं झालं, मानपान मागणाऱ्या जावयाचं झालं. मग एकीची नजर भोंग्याजवळ हात उचलून बसलेल्या कोटवाल्याकडे गेली.

रुसला बाई रुसला, पुसदचा पाव्हना रुसला,
शेल्याच्या जागी त्याले पिवळा तवा दिसला!

मांडव हसून हसून लोटपोट झाला. नागोराव ताडकन उठले. "आपण हे जे गाणं म्हणत आहात, ते माझ्या पत्नीचं..." पण इंदूबाईंनी दुरूनच डोळ्यांनी दाबलं: बसा. नागोराव बसले. त्या आधी गाण्यात नव्हत्या. नुसत्या तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. मग हळूच त्यांनीही सूर मिसळला. शेजारी मैनाबाई नावाची गावची जुनी बाई बसली होती. तिनं दोन ओळी ऐकल्या आणि इंदूबाईंचा हात धरला.

"तसं नोको म्हनू, पोरी. चाल चुकून राह्यली तुही. हे आमच्या फुलसावंगीचं जुनं गानं हाय, माह्या आजीपासूनचं. मी सांगतो तसं म्हन."

"सांगा ना, आजी," इंदूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. स्वतःच्या आईचं गाणं मैनाबाईकडून त्या नव्यानं शिकल्या, चुकल्या, पुन्हा म्हणाल्या.

"गळा बरा हाय तुहा," मैनाबाई म्हणाली. "आनखी काही येते काय?"

येत होतं. इंदूबाईंनी आईचं जात्यावरचं म्हटलं. बायांनी उचललं. दिवाळीचं म्हटलं. तेही उचललं. नवरीला हळद लागायची होती ती राहिली, पंगती थांबल्या, पुरुष पत्रावळी घेऊन मुकाट बसून राहिले. नागोराव भोंग्याच्या पेटीवर बसून ऐकत होते. इतक्या वर्षांत ही गाणी त्यांनी घरात ऐकली होती, पण दरवेळी दुसऱ्या खोलीतून आणि वर्तमानपत्र वाचता वाचता. देवीलाल म्हणाला, "साहेब, आई म्हने तं खरं. एकीनं म्हनलं, दुसरीनं उचललं." नागोरावांनी कोट काढून मांडीवर घेतला, कारण आता हात खाली ठेवायला हरकत नव्हती.

परतीच्या एस.टी.त पिवळी तबकडी इंदूबाईंच्या मांडीवर होती. कंडक्टर तोच. त्यानं पाहिलं आणि चिमटा वाजवायचा थांबला. "हे काय, देवाचं हाय काय?" असं विचारून त्यानं लगेज न मागता घंटी दिली.

आषाढात देवीलालनं सांगितलं की दिल्लीची सोन्याची तबकडी दुसऱ्याच कुठल्या प्रांतातल्या गाण्याला गेली. नागोरावांनी "वा, वा, चांगलं गात असन" म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं, निदान दुसऱ्यांदा म्हणताना तरी. मग त्यांनी भिंतीवर खिळा ठोकला आणि तबकडीच्या मधल्या भोकातून दोरी ओवून ती बैठकीत टांगली. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आलं की ती अशी झळके की समोरच्या रस्त्यावरून जाणारा माणूस थबके.

एका संध्याकाळी रामराव चहाला आले. ते कचेरीतूनच आले होते, म्हणून अजून थोडे सरकारी होते. त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते बसता बसता उठले.

"गावंडे! आलं काय हे? दिल्लीहून?"

"नाई. फुलसावंगीहून."

रामराव जवळ गेले, चष्मा पुसला, मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एवढं सोनं भिंतीवर टांगून ठेवलं! आन् डिक्लेअर?"

आतून इंदूबाई चहा घेऊन येत होत्या. ओठांवर मैनाबाईची चाल होती. भिंतीपलीकडून तेच कडवं रुखमाबाईंनी उचललं. नागोराव ते सरेपर्यंत थांबले.

"रामराव," ते म्हणाले, "बाया रोजच डिक्लेअर करून राह्यल्या. आता सरकारनं वेगळं कायले विचारावं?"